ओझर ते नागपूर: विमानाचं अंतर नेमकं किती?

प्रश्न: नाशिक–नागपूर हवाई अंतर एका ठिकाणी ५४५ किमी दिसतं, दुसरीकडे ५६६. गणित केलं तर उड्डाण तासाभराचं निघतं, तिकिटावर मात्र बरंच जास्त. खरं काय धरायचं?

उत्तर १: दोन्ही बरोबर. ५६६ हे शहर ते शहर, ५४५ विमानतळ ते विमानतळ. नाशिकचं विमानतळ ओझर शहराच्या ईशान्येला, नागपूरचं सोनेगाव शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्ही धावपट्ट्या एकमेकींकडे सरकलेल्या. हातानेही पडताळता येतं. अक्षांशाचा फरक ०.९७ अंश × १११ (एका अंशाचे किमी) = १०८ किमी. रेखांशाचा ५.१४ × १११, पण ध्रुवांकडे जाताना रेखांश जवळ येतात, म्हणून इथल्या अक्षांशावर त्याला ०.९३६ ने गुणायलाच हवं, म्हणून ५३४. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ५४५. हा गुणाकार विसरला की अंतर ५८० च्या वर जातं. बहुतेकांचं इथेच चुकतं.

उत्तर २: वेळेबद्दल. एटीआर ७२ या पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणून हवेत ६५ मिनिटं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते; त्यात टॅक्सी (विमानाचं जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढण, उतरण्याआधीचा वळसा सगळं येतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा. ताशी ४० किमीचा धरला तर जाताना ६१ मिनिटं, येताना ७१.

उत्तर ३: शहरातून ओझर साधारण २० किमी, आग्रा रोडने. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतं, त्यामुळे सीबीएसवरून (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) दोन तास आधी निघाच.