शेजारच्या खोलीत आवाज गेला नाही म्हणजे?
आरुषी तलवार या शाळकरी मुलीच्या खुनाच्या केसमध्ये 'आईबाप शेजारच्या खोलीत झोपलेले आणि काहीच ऐकू आलं नाही, कसं शक्य आहे' हे सगळेच म्हणतात, पण अहो मे महिना, नोएडातला उकाडा, दार लावलेलं, एसी चालू. आमच्या परळच्या बिल्डिंगीत जुना विंडो एसी घरघरायला लागला की खाली ताशा वाजला तरी आत पत्ता नाही (बरं, थोडं वाढवून सांगतोय). मला खटकतं ते सकाळचं. १६ मे २००८ ला गच्चीच्या दाराला कुलूप, तिथे रक्ताचे डाग, आणि त्याच गच्चीवर घरातला नोकर हेमराजची बॉडी मिळाली १७ ला! चावी सापडत नव्हती म्हणे, मग पोलिसांना कुलूप तोडायला कोणी अडवलेलं? आईबापांची २०१३ ची जन्मठेप अलाहाबाद हायकोर्टाने २०१७ ला उगाच नाही रद्द केली. आणि 'आई रडली नाही' हा काय पुरावा झाला का राव?