अमूर्त चित्रात घोडा कसा आणावा?

प्रश्न : चाळीस वर्षे केवळ अमूर्त चित्रे रंगवून मी निवृत्त झालो असून आता माझी सकाळ गावाबाहेरच्या तबेल्यात जाते. घोडा रंगवावासा वाटतो. पण मानेचा बाक आणि आयाळ उतरली की चित्र कॅलेंडरवरचे वाटू लागते. यातून कोणी वाट काढली आहे काय?

प्रतिसाद १ : सुझन रोथेनबर्ग या अमेरिकन चित्रकर्तीचे १९७४ नंतरचे घोडे अवश्य पाहावेत. बाजूने दिसणारा घोडा आणि पार्श्वभूमी यांना त्या जवळजवळ एकच मातकट रंग देत आणि कित्येकदा घोड्याच्या पोटावरून कॅनव्हास दुभंगणारी उभी रेघ ओढत. त्यामुळे घोडा धावतो आहे असे वाटते न वाटते तोच नजर सपाट पृष्ठभागावर परत येते. पुढे त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. मात्र १९९०मध्ये न्यू मेक्सिकोत राहायला गेल्यावर खरेखुरे घोडे रोज समोर आले आणि चित्रांतही शिरले.

प्रतिसाद २ : एम. एफ. हुसेन अमूर्त चित्रकार नव्हते, हे मान्य, तरीही पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराच्या घोड्यांमागे मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल हा घोडा होता, हे विसरू नये. आपण मान आणि आयाळ सोडून खांद्याचा जोर तेवढा रंगवून पाहावा.

प्रश्नकर्ता : उभ्या रेघेची युक्ती उद्याच करून पाहतो. मातकट रंग मात्र माझ्या हाताला कधीच मानवला नाही. निळ्यात चालेल काय?

प्रतिसाद १ : अवश्य चालेल, फक्त पार्श्वभूमीही त्याच निळ्याची ठेवावी.