दुपारी पुणे गप्प, रात्री परदेश मोठ्याने: ७ मेगाहर्ट्झवर असे का होते?

यावल, केळीबागेतून

सर्वांना नमस्कार. मला यंदाच हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळाला. शेतातल्या पत्र्याच्या शेडपासून बांधावरच्या कडुनिंबापर्यंत ४० मीटर बँडचा (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे दोन बाजूंची तारेची अँटेना, ताणला आहे. दोन्ही बाजू मिळून तार सुमारे २० मीटर आणि जमिनीपासूनची उंची जेमतेम ९ मीटर आहे. संच स्वतः जोडलेला असून त्याची शक्ती ६ वॅटच्या आसपास आहे.

सकाळी सात ते साडेआठ या वेळात पुण्याच्या मित्राशी घरातल्या घरात बोलावे इतके स्पष्ट बोलणे होते. अकरानंतर त्याचा आवाज खोल जातो आणि बारा ते तीन या वेळात तो मला अजिबात ऐकू येत नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचला तो परत येतो. मात्र रात्री उशिरा पुन्हा नाहीसा होतो, आणि त्याच वेळी आग्नेय आशियातली केंद्रे शेजारच्या मळ्यातून बोलत असल्यासारखी येतात. ३५० किलोमीटरवरचे पुणे ऐकू येऊ नये आणि हजारो किलोमीटरवरचा माणूस यावा, हे मला उलगडत नाही. वडिलांचे म्हणणे असे की, ४४ अंशांच्या उन्हात हवाच इतकी तापते की लहरी विरून जातात. सध्या मे महिना चालू असल्यामुळे मलाही ते पटू लागले आहे. तार, केबल, जोडण्या सगळे तपासून झाले आहे. दोष कुठे असावा?

जळगाव, जुना श्रोता

भाऊ, तुमच्या तारेत दोष नाही. इतक्या नेमक्या वेळा तुम्ही टिपल्या आहेत की उत्तराचा निम्मा भाग प्रश्नातच आला आहे.

आधी उन्हाविषयी. आपण ज्याला हवामान म्हणतो ते सगळे, म्हणजे ऊन, वावटळ, वळीव, जमिनीपासून साधारण १६-१७ किलोमीटर उंचीच्या आत घडते. तुमची लहर जिथे अडते ती जागा त्याच्या कितीतरी वर, ६० ते ९० किलोमीटरांच्या पट्ट्यात आहे, आणि जिथून ती परत वळते तो थर २५० ते ४०० किलोमीटरांवर आहे. खालच्या हवेच्या तापमानाचा तिथे संबंध येत नाही. तरीही वडिलांचे निरीक्षण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण ऊन आणि तुमची अडचण या दोन्हींचे मूळ एकच आहे. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. त्याचे अतिनील आणि क्ष-किरण आयनांबरावर, म्हणजे अशा किरणांमुळे जिथे मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात त्या वरच्या हवेवर, त्या काळात सर्वांत सरळ पडतात.

या किरणांमुळे ६० ते ९० किलोमीटरांवर जो थर तयार होतो त्याला डी थर म्हणतात. तिथली हवा आपल्या मानाने अतिशय विरळ असली तरी वरच्या थरांच्या मानाने दाटच असते. तुमची लहर तिथल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते शेजारच्या रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. पुण्याला जाताना लहरीला हा थर दोनदा ओलांडावा लागतो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. ६ वॅटचा संच दुपारी हरतो तो इथे. सूर्य मावळताच हे इलेक्ट्रॉन काही मिनिटांत पुन्हा आयनांना मिळतात आणि डी थर जवळजवळ नाहीसा होतो. आकाशवाणीची दूरदूरची मीडियम वेव्ह केंद्रे रात्रीच का लागतात, याचेही कारण हेच. आमच्या लहानपणी अंगणात खाटेवर पडून रेडिओचे बटण हळूहळू फिरवताना एकामागून एक परके आवाज यायचे, तेव्हा हे कोणी समजावून सांगितले असते तर फार बरे झाले असते.

हे शोषण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ७ ऐवजी १४ मेगाहर्ट्झवर ते डेसिबलमध्ये साधारण चौथाई राहते. पण म्हणून दुपारी १४ वर पुण्याला हाक मारू नका. ते का, हे धुळ्याचे सर माझ्यापेक्षा नीट सांगतील.

धुळे, भौतिकशास्त्राचा शिक्षक

दुपारचे कारण वर आले आहे, म्हणून मी रात्रीबद्दलच लिहितो.

पुस्तकांत वरच्या एफ थराला, म्हणजे २५० ते ४०० किलोमीटरांवरून लहर परत वळवणाऱ्या थराला, सर्रास आरसा म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आरसा कोणत्याही कोनातून आलेला प्रकाश परत पाठवतो. आयनांबरात लहर एकदम आपटून फिरत नाही. वर जाताना इलेक्ट्रॉनांची दाटी वाढत जाते, तसतशी ती अपवर्तनाने थोडीथोडी वाकत जाते. पुरेशी वाकली तर परतते, नाहीतर अवकाशात निघून जाते. सरळ उभी सोडलेली लहर जिथपर्यंत परत येते त्या मर्यादेला क्रांतिक वारंवारता म्हणतात, आणि ती इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरते. दर घन सेंटिमीटरला १० लाख इलेक्ट्रॉन असतील तर ती सुमारे ९ मेगाहर्ट्झ येते.

आता पुण्याचा हिशेब करू. थर ३०० किलोमीटरांवर धरला आणि अंतर ३५० किलोमीटर, तर लहर अर्ध्या वाटेवर म्हणजे १७५ किलोमीटरांवर त्या उंचीला पोहोचली पाहिजे. याचा अर्थ ती क्षितिजापासून सुमारे ६० अंशांनी, जवळजवळ डोक्यावरच सोडावी लागते. ९ मीटरांवरचा तुमचा डायपोल नेमके तेच करतो. तिरप्या लहरीला परतण्यासाठी कमी वाकावे लागते, पण इतक्या उभ्या लहरीला तिरपेपणाचा हा फायदा फार थोडा मिळतो, क्रांतिक वारंवारतेच्या जेमतेम १.१ ते १.१५ पट. म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झवर पुणे हवे असेल तर क्रांतिक वारंवारता साधारण सव्वासहाच्या वर हवी, आणि त्यासाठी दर घन सेंटिमीटरला ५ लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन हवेत. एफ थर इतका विरळ असतो की तिथले इलेक्ट्रॉन रात्रीही लगेच संपत नाहीत, पण ओसरत मात्र जातात. तो आकडा ५ लाखांच्या खाली गेला की पुण्याकडची लहर थर भेदून निघून जाते. आग्नेय आशियातून येणारी लहर अतिशय तिरपी असते. तिला दुप्पट-तिप्पट सवलत मिळते, त्यामुळे ती सहज वाकते, आणि डी थर नसल्यामुळे वाटेत झिजतही नाही. १४ मेगाहर्ट्झवर पुणे बहुतेक वेळा का लागत नाही, याचेही उत्तर यातच आहे.

खानदेशासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण युरोप-अमेरिकेची हौशी पुस्तके वाचून आपले आडाखे चुकतात. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. दिवसा तिथला विद्युत-चुंबकीय रेटा इलेक्ट्रॉनांना वर उचलतो आणि ते चुंबकीय रेषांवरून घरंगळत उत्तरेला व दक्षिणेला उतरतात, कारंज्याचे पाणी दोन्ही अंगांनी पडावे तसे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ॲपलटन यांनी १९४६ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले. उत्तरेकडचा ढीग साचतो तो गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या सातपुड्याच्या आसपास. म्हणून दुपारनंतर आणि संध्याकाळी आपल्या डोक्यावरची इलेक्ट्रॉनांची दाटी खुद्द चुंबकीय विषुववृत्तावरच्यापेक्षा जास्त असू शकते. तुमचे पुणे संध्याकाळी इतके चांगले येते त्यात याचा मोठा वाटा आहे. याच प्रदेशात सूर्यास्तानंतर कधीकधी एफ थर विस्कटतो आणि आवाज थरथरतो, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास. तेव्हा संच उघडून बसू नका.

भुसावळ

वरच्या दोन्ही उत्तरांत भर घालावी असे काही नाही, फक्त एक ऐकण्याजोगी जागा सांगतो. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातली १८ दीपकेंद्रे, म्हणजे ठरलेल्या खुणा सतत पाठवणारी केंद्रे, आळीपाळीने १०-१० सेकंद मोर्समध्ये बोलतात आणि ३ मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र आपली खूण १०० वॅटवर पाठवते, मग चार लांब ठोके देते: पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा आणि चौथा ०.१ वॅटचा. यात श्रीलंकेचेही केंद्र आहे, आपल्यापासून साधारण १६०० किलोमीटरांवर. एसएसबी (हौशी रेडिओवर बोलण्यासाठी वापरतात ती पद्धत) ऐकू येणारा कोणताही साधा रिसीव्हर चालेल. कितवा ठोका ऐकू आला एवढेच वेळेसह लिहून ठेवा.

यावल, केळीबागेतून

सर्वांचे मनापासून आभार. मामांकडून रिसीव्हर आणून चार दिवस ऐकले. काल दुपारी १ वाजता १४.१०० वर श्रीलंकेचा तिसरा ठोका, म्हणजे अवघ्या १ वॅटचा, स्पष्ट आला. त्याच वेळी पुण्याच्या मित्राने ७ वर आणि मग १४ वर हाक मारून पाहिली, तर दोन्हीकडे काहीच नाही. वडील शेजारीच बसले होते. श्रीलंकेचा ठोका त्यांनी स्वतः मोजला आणि उन्हाचा विषय पुन्हा काढला नाही.

आज पहाटे साडेचारपासून ७.१ वर कान लावून बसलो. पाचपर्यंत पुणे नव्हते. ५ वाजून २५ मिनिटांनी मित्राचा आवाज खरखरीतून वर आला. तेव्हा बागेत अजून सूर्य उगवला नव्हता, फक्त फटफटले होते. हे कसे?

धुळे, भौतिकशास्त्राचा शिक्षक

तुमच्या बागेत उगवला नव्हता. ३०० किलोमीटर उंचीवर मात्र तो जमिनीच्या तासाभराहून अधिक आधी उगवतो, आणि तिथे इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागले होते. डी थर फार खाली असल्यामुळे त्याला जोर धरायला अजून वेळ होता. उद्या ५ ते ६ या वेळात दर पाच मिनिटांनी आवाजाची पातळी लिहून इथे टाका. मी धुळ्याहून त्याच वेळी पुणे ऐकून माझी नोंद देतो.