बॅटरी मिळत नाही म्हणून ड्रिल भंगारात? नाही पटत

रंधा

'कॉर्डलेस हत्यारं घेताना' या धाग्यावर सुतारपक्षी यांनी लिहिलंय, "कंपनीने बॅटरी बंद केली की हत्यार संपलं समजा. सेल बदलत बसण्याचे उद्योग करू नका." वाचलं आणि डोकं फिरलं. तिथेच उत्तर द्यायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

माझं ड्रिल १४.४ व्होल्टचं, निकॅड म्हणजे निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातलं. मोटर अजून एका सुरात फिरते. मोटरचे कार्बन ब्रश दोनदा बदलले, बिट पकडणारा चक एकदा. कार्बन झिजले तेव्हा 'मोटर फेकून द्या' असं कुणी म्हणालं नाही. मग सेल संपले की अख्खं हत्यार फेका, हे कुठून आलं? सेलसुद्धा झिजणारा भागच आहे. फरक एवढाच, की कार्बनला कुणी खास खाचांच्या डबीत कोंडलं नाही आणि सेलला कोंडलं. दर काही वर्षांनी त्या खाचा बदलल्या की जुनं गिऱ्हाईक आपोआप नव्या हत्याराकडे वळतं.

गेल्या महिन्यात बॅटरीची डबी उघडली. खाली चार स्क्रू. आत पुठ्ठ्याच्या वेष्टणातले बारा सेल दाटीवाटीने उभे, मधोमध मण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग, चिकटवलेला. दोन सेलच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी साचली होती. आतला क्षार बाहेर येऊन वाळतो ती. हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून काढली आणि मल्टिमीटर लावला. दहा सेल १.२५ च्या आसपास, ते दोन शून्याला टेकलेले. बाकी सगळं धडधाकट.

१.२ व्होल्टचा सब-सी मापाचा सेल आजही मिळतो. दहा बसवले की १२ व्होल्ट, बारा बसवले की १४.४, पंधरा बसवले की १८. डबी कुठल्याही कंपनीची असो, आतला हिशोब हाच. यात 'संपलं' ते काय?

सुतारपक्षी

माझं वाक्य अर्धंच उचललंत. त्याआधी "नवीन शिकणाऱ्याने" असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्याने आयुष्यात सोल्डरिंग केलेलं नाही त्याला 'डबी फोड, सेल बदल' म्हणून सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आजही वाटतं.

आणि हे उद्योग मी स्वतः करून बसलोय. तुमच्यासारखेच दोन सेल मेलेले सापडले, दोनच बदलले. नवे ताकदीचे, जुने थकलेले. काम करताना जुने आधी रिकामे व्हायचे आणि नवे त्यांच्यातून करंट रेटत राहायचे. चार महिन्यांत तिसरा गेला, मग पाचवा. वैतागून 'या मॉडेलला चालतो' म्हणून विकला जाणारा तयार पॅक मागवला. हातात घेतल्याबरोबरच हलका लागला. वर आकडा मोठा, आत सेल फुसके. सहा फळ्या झाल्या की बिट लाकडातच थांबायचा. एवढ्या वेळात माझी दोन कपाटं उभी राहिली असती. हत्यार कामासाठी असतं, हत्यारासाठी काम काढायला मला वेळ नाही.

रंधा

दोन बदलायचेच नसतात. सगळे बदलायचे, तेही एकाच खेपेचे. मी बाराच्या बारा बदलले. हे वर लिहायला हवं होतं, तेवढी चूक मान्य. पण तुमचं एक काम फसलं म्हणून सगळ्यांनी हत्यारं फेकावीत, हा कुठला न्याय?

ठिणगी

तुम्ही दोघं निकॅडवर भांडताय. आज जुन्या डबीत बहुतेक लोक लिथियम कोंबतात, आणि माझा जीव तिथे वर-खाली होतो.

आकड्यांत बसतं, हे खरं. लिथियमचे पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. निकॅडचे पंधरा सेलही चार्जरवरून ताजे उतरवले की २१ च्या आसपासच दाखवतात, त्यामुळे मोटरला काही होत नाही. १४.४ ला चार सेल, १२ ला तीन. ९.६ वाल्यांचं गणित बसत नाही, दोन कमी पडतात आणि तीन जास्त होतात. पण व्होल्ट जुळले म्हणजे झालं असं समजणाऱ्यांनी पुढचं वाचा.

माझ्या मित्राने १८६५० मापाचे पाच लिथियम सेल बसवले आणि पॅक जुन्याच चार्जरला लावला. निकॅडचा चार्जर थांबतो कशावर? सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं किंवा सेल तापतो, ते बघून. लिथियम भरल्यावर घसरत नाही. चार्जर वाट बघत राहिला आणि रेटत राहिला. मी शेजारच्या खोलीत होतो. आधी शीळ घातल्यासारखा आवाज, मग गोडसर उग्र वास, मग धूर. पॅक फावड्यावर घेऊन बाहेर वाळूत टाकला म्हणून निभावलं. टेबलावर डबीच्या तळाएवढा काळा चौकोन अजून आहे.

लिथियम भरायचं असेल तर चार्जर लिथियमचाच हवा. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी सर्किटची पट्टी, हवी. सेल जास्त करंट देणारे हवेत, कारण चक अडकला की मोटर क्षणभर ५०-६० अ‍ॅम्पिअरही मागते. लॅपटॉपच्या पॅकमधून उपटलेल्या सेलचं ते काम नाही. आणि '९९०० एमएएच' छापलेला १८६५० दिसला की हातही लावू नका. त्या आकारात याच्या निम्म्याचाही खरा सेल येत नाही.

जुना_गडी

बॅटरी नीट वापरली तर यातली कुठलीच वेळ येत नाही. निकॅडला मेमरी असते, अर्धीच उतरवून भरत राहिलं की ती तेवढंच लक्षात ठेवते. पूर्ण उतरवल्याशिवाय चार्जरला लावायचीच नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं होतं, काम संपलं की ट्रिगरवर रबरबँड चढवायचा आणि ड्रिल पार थांबेपर्यंत फिरू द्यायचं. आजची मुलं अर्धी उतरली की चार्जरला लावतात, आणि मग बॅटरी गेली की कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

लाल_काळी

जुना_गडी, या रबरबँडने जेवढे पॅक मारलेत तेवढे कुठल्याच कंपनीने मारले नसतील. मला राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

मेमरीची गोष्ट उपग्रहांवरच्या निकॅड बॅटऱ्यांतून आली. तिथे प्रत्येक फेरीत बॅटरी मोजून तेवढीच उतरते आणि तेवढीच भरते, असं शेकडो वेळा. आपलं ड्रिल असं चालतं का? एक दिवस वीस स्क्रू, एक दिवस दोनशे. लोक ज्याला मेमरी म्हणतात ते बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त चार्ज करून आलेलं दुखणं असतं. जुने साधे चार्जर भरल्यावर बंदच व्हायचे नाहीत. शुक्रवारी लावलेली बॅटरी सोमवारी काढली की ती दोन दिवस नुसती भाजलेली असते.

आता रबरबँड. बारा सेल ओळीने आहेत आणि बाराही सारखे कधीच नसतात. सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो. ड्रिल फिरतच असतं, कारण बाकीचे अकरा ढकलतायत. मग त्या रिकाम्या सेलमधून करंट उलट्या अंगाने रेटला जातो, त्याचं अधिक-उणे फिरतं, आत वायू साठतो आणि क्षार बाहेर येतो. रंधा यांना दिसली ती पांढरी भुकटी कशाने आली असेल याचा अंदाज करा.

जुना_गडी

तुम्ही वाचलेलं सांगताय, मी वापरलेलं सांगतोय. ३० वर्षं हे करतोय. वडिलांचा पॅक माझ्या हातात आला तेव्हाही चालत होता. ज्यांनी तीन पॅकसुद्धा वापरून संपवले नाहीत त्यांनी मला उपग्रह शिकवू नयेत.

लाल_काळी

३० वर्षांत किती पॅक बदललेत, तेही लिहा. वडिलांचा मान ठेवूनच सांगतोय, पण त्यांनी सांगितलं म्हणून सेलचं रसायन बदलत नाही.

जुना_गडी

वडिलांवर जायचं काम नाही. बारातले नऊ-दहा पॅक गेले असतील ३० वर्षांत. त्यात काय?

पाचर

मंडळी, मूळ विषय जुनी हत्यारं चालू ठेवण्याचा आहे.

डबी फोडण्याची गरजच नसते. अडॅप्टर लावा. खाली नव्या लिथियम पॅकची खाच, वर जुन्या डबीचा दांडा. डीवॉल्टने स्वतःच त्यांच्या जुन्या १८ व्होल्टच्या हत्यारांसाठी असा अडॅप्टर काढला होता. रायोबीने १९९६ मध्ये वन प्लस ही हत्यारांची मालिका आणली आणि १८ व्होल्टची तीच बैठक आजही ठेवली आहे, त्यांचा आजचा लिथियम पॅक तेव्हाच्या निळ्या ड्रिललाही बसतो. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. बाकीच्यांनी खाचा का बदलल्या, हे त्यांनाच विचारायला हवं.

ठिणगी

अडॅप्टरला विरोध नाही, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय घेऊ नका: पॅक रिकामा होत आला की वीज तोडणारा कटऑफ कुठे आहे? काही कंपन्यांत पॅक स्वतः बंद होतो. काहींत पॅक फक्त इशारा देतो आणि बंद करण्याचं काम हत्यार करतं. जुन्या निकॅड ड्रिलला तो इशारा वाचताच येत नाही. ते पॅकला पिळत राहतं, सेल अडीच व्होल्टच्या खाली जातात आणि नवाकोरा पॅक बाद होतो. डीवॉल्टच्या अडॅप्टरमध्ये त्यासाठी सर्किट आहे. नुसत्या थ्री-डी प्रिंट केलेल्या प्लॅस्टिकमध्ये दोन पत्र्यांपलीकडे काही नसतं.

पाचर

माझा साधाच आहे. एक पॅक असाच गेला, कारण आत्ता कळलं. ठीक आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

लांब_वायर

बॅटरीचा नादच सोडा. रिकाम्या डबीतून दोन वायरी काढा आणि पॉवर सप्लायला जोडा. मी केलंय. फक्त वायर जाड घ्या. पहिल्यांदा मी दीड चौरस मिलिमीटरची पाच मीटर लावली आणि ड्रिल मलूल. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं होतं, २० अ‍ॅम्पिअरला सव्वादोन व्होल्ट वायरीतच खर्च व्हायचे, ४० ला साडेचार. आता सहा चौरस मिलिमीटरची दोन मीटर आहे. टेबलावरच्या कामाला झकास. शिडीवर चढायचं असेल तर उपयोग नाही, हे आधीच सांगतो.

ओली_माती

रंधा यांनी बारा नवे निकॅड बसवले हे कौतुकाने सांगितलंय, म्हणून बोलावं लागतंय. कॅडमियम म्हणजे काय ते जपानच्या तोयामा भागातल्या लोकांना विचारा. खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत गेलं आणि माणसांची हाडं नुसत्या खोकल्याने मोडायला लागली. 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', हेच त्या रोगाचं नाव. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने कारण मान्य केलं. युरोपने २००६ मध्ये घरगुती बॅटऱ्यांतल्या कॅडमियमवर बंदी आणली तेव्हा कॉर्डलेस हत्यारांना सूट ठेवली, ती २०१६ च्या अखेरीस संपली. त्याच सब-सी मापात निकेल-मेटल हायड्राइड मिळतो, व्होल्टेज तेच. तो का नाही घेतला? आणि काढलेले बारा सेल आत्ता कुठे आहेत?

रंधा

काढलेले बारा सेल झाकणाच्या बरणीत आहेत, टोकांना चिकटपट्टी लावून. बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यायचे आहेत, अजून दिले नाहीत. हायड्राइड घेतला नाही कारण माझा चार्जर जुना, जलद भरणारा आहे. हायड्राइड भरताना निकॅडपेक्षा जास्त तापतो आणि भरल्यावर त्याचं व्होल्टेज फार कमी घसरतं, जुन्या चार्जरला ते कळेलच याची खात्री नाही. पण तुमचा मुद्दा डोक्यात राहील.

युरोपचं निघालंच आहे तर, २०२३ च्या त्यांच्या नियमात शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं बॅटरी सुटी मिळायला हवी असं आहे, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला ती स्वतः काढता-घालता यायला हवी. आमच्या हत्यारांची बॅटरी तशीही खटकन निघते. प्रश्न पाच वर्षांनंतरचा आहे. ज्या ड्रिलचे गिअर तीस वर्षं टिकतात त्याला पाच वर्षं कुठे पुरणार?

सुतारपक्षी

पाच वर्षं कमी आहेत, इथे मी तुमच्या बाजूने. आणि "उद्योग करू नका" हे शब्द जरा जास्तच झाले. बदलून "सगळे सेल एकदम बदलता येत असतील तरच करा" असं करतो. लिथियम मात्र नवशिक्याने भरू नये, यावरून मी हलणार नाही. ठिणगी यांच्या टेबलावरचा चौकोन पुरेसा आहे.

लाल_काळी

जुना_गडी, काल जरा जोरात बोललो. एक सांगायचं राहिलं. पॅक उतरवण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. प्रत्येक सेल १ व्होल्टला येईपर्यंत उतरवला तर जास्त चार्ज झाल्याचं दुखणं बरंच कमी होतं. म्हणजे बारा सेलच्या पॅकला १२ व्होल्टवर थांबायचं. ड्रिलचा जोर कमी झाल्याचं हाताला कळलं की बास. पार थांबेपर्यंत नाही. पॅक उघडून, काम चालू असताना एकेक सेल मोजून बघा एवढीच विनंती.

जुना_गडी

मोजलं. डबी उघडली, वायरीने ड्रिलला जोडली, मुलाला ट्रिगर धरायला सांगितला आणि एकेका सेलवर मीटर टेकवत गेलो. सहापर्यंत सगळे १.१ च्या वर. सातवा, ट्रिगर दाबला की वजा ०.३. तीनदा बघितलं, पिना उलट्या धरल्यात का म्हणून. ट्रिगर सोडला की तो हळूहळू शून्यावर येतो. आठवा, नववा ठीक. अकराव्याच्या डोक्यावर पांढरी भुकटी आहे.

मेमरीबद्दल माझं मत बदललेलं नाही. रबरबँड काढून ठेवलाय.

रंधा, बारा सेल तुम्ही सोल्डर केलेत की स्पॉट वेल्ड?

रंधा

वेल्ड माझ्याकडे नाही. पट्ट्या आधीच वेल्ड केलेले सेल मिळतात ते घेतले, म्हणजे सोल्डर फक्त पट्टीला लागतो, सेलच्या अंगाला उष्णता पोचत नाही. जुने काढायच्या आधी डबीचा वरून फोटो काढून ठेवा, कुठला सेल उभा आणि कुठला उलटा ते नंतर आठवत नाही. आणि थर्मिस्टर फेकू नका. तो नव्या सेलना तसाच चिकटवून बसवायचाय.