मदत हवी आहे: 'गिब्सन' लिहिलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार, साल कसं ओळखायचं आणि योग्य किंमत काय धरायची?

नमस्कार मंडळी,

गिटार बाबा वाजवतात, मी नाही, त्यामुळे भागांची नावं चुकली तर सांगा, दुरुस्त करतो. प्रश्न जरा लांबलाय पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय किंमत कशाला हवीये ते कळणार नाही.

आम्ही आधी गिरगावात चाळीत राहायचो. समोरच्या खोलीतले काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी ही गिटार जपानहून आणली, कोबे बंदरात घेतलेली. साल कुणालाच नक्की आठवत नाही, पण आई म्हणते आणीबाणी लागली तेव्हा काका बोटीवर होते आणि त्याच गणपतीला घरी आले तेव्हा ही पेटी बरोबर होती. काकूंनी 'हजार रुपये लाकडात घातले' म्हणून दोन दिवस अबोला धरला होता, ही गोष्ट अख्ख्या चाळीला पाठ आहे. काकांना शिकायला काही जमलं नाही, सुट्टी संपली की परत बोटीवर. १९८१ मध्ये त्यांनी ती बाबांच्या हातात दिली, म्हणाले तू वाजव, मी कायमचा घरी आलो की बघू. बाबांनी पुढची पंधरा-सोळा वर्षं त्या गिटारवर ऑर्केस्ट्रा केले, गणेशोत्सवाचे मांडव, लग्नाचे हॉल, एकदा तर एसटीच्या टपावर बांधून रत्नागिरीला नेली होती. काका परत आले, रोज कट्ट्यावर भेटायचे, पण गिटार त्यांनी कधीच मागितली नाही आणि बाबांनीही विषय काढला नाही.

मागच्या वर्षी काका गेले. तेव्हापासून बाबांनी एकच धरलंय, की ती गिटार माझी कधी नव्हतीच, तिचे पैसे ताईला पोचले पाहिजेत. ताई म्हणजे काकांची मुलगी, पुण्यात असते. ती म्हणते अहो ठेवा ना तुमच्याकडेच, पैसे कसले. बाबा ऐकत नाहीत. म्हणजे विकायची अजिबात नाहीये, घरातच राहणार आहे, फक्त ताईच्या हातात जी रक्कम द्यायची ती खरी असायला हवी, तिचं एक रुपयाचंही नुकसान व्हायला नको.

आणि इथेच घोळ झालाय. मुंबईतल्या एका दुकानात दाखवली तर त्यांनी पेटीतून बाहेरही न काढता 'कलकत्त्याची गिव्हसन दिसते, पाच हजार देतो' म्हणून सांगितलं. दुसरीकडे बाबांचे एक जुने वाजवणारे मित्र म्हणतात की ५९ सालची गिब्सन लेस पॉल (अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीचं प्रसिद्ध मॉडेल) असेल तर कोटीच्या घरात जाते, नीट तपासा. पाच हजार आणि एक कोटी, यातलं धरायचं काय?

आता जे दिसतंय ते लिहितो. आकार लेस पॉलचाच, लाल-पिवळा सनबर्स्ट रंग, कडेची पांढरी पट्टी आता लोण्यासारखी पिवळी पडलीये. वर डोक्यावर सोनेरी ऑइलपेंटने 'गिब्सन' लिहिलंय, हे मात्र नक्की हाताने काढलेलं आहे कारण ऑर्केस्ट्राचा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनेच ते ८५ च्या आसपास करून दिलं, तेव्हा असं नाव असलं की सुपारी मिळायला बरं पडायचं. खाली काय होतं ते बाबांना आठवत नाही, म्हणतात इंग्रजी जी होता एवढं नक्की. मागे जिथे दांडी बॉडीला जोडलीये तिथे चार स्क्रूची स्टीलची पट्टी आहे. पुढून बोटाने टिचकी मारली की आवाज पोकळ येतो, मागून भरीव येतो, हे मला विचित्र वाटलं. दोन पिकअप (तारांचा आवाज पकडून ॲम्पकडे पाठवणारे), चार बटणं. एक खुंटी बदललेली. बटणांच्या आतले दोन पॉट (आवाज कमीजास्त करणारे भाग) ९० मध्ये खरखरायला लागले म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणून बदलले.

फोटो टाकलेत. साल कसं काढायचं? आणि किंमत ठरवताना काय बघतात?

<b>प्रतिसाद</b>

आधी एक काम करा, त्या पेंटला हात लावू नका. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर काहीही नाही. पेंट जाईल आणि खालचं मूळ पॉलिशही घेऊन जाईल.

गिब्सन नाही हे नक्की. जुन्या लेस पॉलची दांडी बॉडीत खाच करून सरसाने चिकटवलेली असते, मागे स्क्रू नसतात. तुमच्या गिटारला चार स्क्रूची प्लेट आहे म्हणजे बोल्ट-ऑन, विषय तिथेच संपला. ५८ ते ६० मधल्या सनबर्स्ट लेस पॉल खरंच कोटींत जातात, पण त्यांचा हिच्याशी संबंध नाही. गिव्हसनही वाटत नाही. पोकळ आवाजावरून तर अजिबात नाही, ती खूण फार मोलाची आहे. ७० च्या दशकातल्या जपानी बोल्ट-ऑन कॉप्यांमध्ये पुढचा फुगीर भाग दाबून वळवलेल्या प्लायचा करायचे आणि त्याच्या खाली पोकळी राहायची. म्हणून पुढून ढब आणि मागून टक.

आता त्या स्टीलच्या प्लेटवर काय कोरलंय ते नीट वाचून लिहा. नुसतंच 'मेड इन जपान' असेल तर फारसं कळणार नाही, पण एक अक्षर आणि पुढे आकडे असतील तर काम झालं. जपानच्या नागानो प्रांतात मात्सुमोतोला फुजिगेन गाक्की म्हणून कारखाना, तिथे इबानेझ आणि ग्रेको या दोन्ही ब्रँडच्या गिटार बनायच्या, आणि दोन्हींचे नंबर त्या काळात एकाच पद्धतीचे. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत, मग दोन आकडे सालाचे आणि उरलेले चार नुसते अनुक्रमाचे.

आणि डोक्यावर अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून बघा. मूळ नाव शिंपल्याचं जडवलेलं असेल तर पेंटच्या खालूनही त्याच्या कडा उमटतात.

<b>धागाकर्ता</b>

खूप खूप आभार! काल रात्री दिवे घालवून बसलो आम्ही दोघं. प्लेटवर काळपट गंज होता, सुक्या फडक्याने पुसला, आणि स्पष्ट आलं: सी, मग ७५, मग चार आकडे (ते इथे देत नाही). म्हणजे मार्च १९७५! आणीबाणी लागली २५ जूनला आणि गणपती त्यानंतर, म्हणजे आईची आठवण तंतोतंत बसतेय, कारखान्यातून निघून काही महिन्यांतच काकांनी घेतलेली. हे वाचलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, नुसता त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत बसले.

टॉर्चचं पण केलं. अक्षरं दिसतात, पण ती लागतात जी, एन, ई, सी, ओ अशी. ग्नेको? अशी कुठली कंपनी होती का? की आम्ही चुकीचं वाचतोय?

<b>प्रतिसाद</b>

चुकीचं नाही वाचत, बरोब्बर वाचताय! ती ग्रेकोच. गिब्सनच्या अक्षरांसारखं दिसावं म्हणून त्यांनी ते वळणदार लिहिलं आणि त्यातला आर हा एनसारखा दिसतो, म्हणून जगभरचे ग्रेकोवाले त्या लोगोला ग्नेकोच म्हणतात. तुमच्या पेंटरने गिब्सनची नक्कल करणाऱ्या नावावर गिब्सन लिहिलं.

कोबेत घेतली हेही जुळतं. इबानेझ मुख्यतः बाहेरच्या देशांसाठी होती, ग्रेको हा कांदा शोकाई कंपनीचा जपानातल्या जपानात विकायचा ब्रँड. बंदरातल्या दुकानात शिरलेल्या माणसाला ग्रेको मिळणं अगदी साहजिक आहे.

आता तुमच्या काकूंच्या हजार रुपयांकडे या, कारण त्यात मॉडेल लपलंय. ग्रेकोच्या मॉडेल नंबरातच किंमत असायची, ईजी ५०० म्हणजे ५०,००० येन. ७५ साली एका डॉलरला साधारण ३०० येन पडायचे आणि डॉलर साडेआठ रुपयांच्या जरा खाली होता. उलटा हिशोब करा, हजार रुपये म्हणजे सुमारे १२० डॉलर, म्हणजे ३६,००० येनच्या आसपास. ईजी ३६० नावाचं बोल्ट-ऑन मॉडेल होतंच. काकूंचा आकडा खरा असेल तर तेच किंवा त्याच्या शेजारचं. चिकटवलेल्या दांडीच्या महागड्या ग्रेको वेगळ्या, त्यांचे भाव या गिटारला लावू नका, नेटवर शोधताना लोक इथेच फसतात.

किमतीचं म्हणाल तर लोकांनी मागितलेले भाव बघू नका, विकल्या गेलेल्या गिटारींचे बघा. रिव्हर्ब या वाद्यं विकण्याच्या वेबसाइटवर झालेल्या सौद्यांचे आकडे दिसतात. माझ्या पाहण्यात बोल्ट-ऑन ७० च्या दशकातल्या ग्रेको चांगल्या अवस्थेत ४०० ते ७०० डॉलरमध्ये जातात. त्यातून तुमच्या गिटारची खुंटी बदललेली, पॉट बदललेले, डोक्यावर पेंट, म्हणजे वरच्या टोकाला जाणार नाही. उलट बाजूने, अशी गिटार आज इथे मागवायची तर जहाजभाडं आणि कस्टम ड्यूटी वेगळी पडेल. दोन्ही धरून मी तरी ३० ते ४० हजार रुपये प्रामाणिक किंमत म्हणेन. पाच हजार ही शुद्ध लूट होती.

दोन गोष्टी अजून. पिकअप अजिबात बदलू नका, ते मॅक्सनचे असणार, म्हणजे मात्सुमोतोच्याच निशिन ओन्पाचे, आणि किमतीतला मोठा वाटा त्यांचा असतो. या काळातल्या काहींमध्ये दुहेरी दिसणाऱ्या झाकणाखाली एकच कॉइल असते, ॲम्पला लावल्यावर ट्यूबलाइटजवळ जास्त गुणगुणली तर समजा तसली आहे, ती खराब झालेली नाही, तशीच बनवलेली आहे. आणि ९० मध्ये काढलेले जुने पॉट कुठे आहेत? फेकले असतील तर ठीक, पण असतील तर जपा.

<b>धागाकर्ता</b>

आहेत! बाबांनी उठून कपाटातून पेपरमिंटचा पत्र्याचा डबा आणला, त्यात दोन्ही पॉट, जुनी खुंटी, दोन तुटक्या तारा आणि एक पिक, सगळं एका रुमालात बांधलेलं. म्हणे काकांची वस्तू आहे, तिचा तुकडा कसा टाकायचा. मला पंचेचाळीस वर्षं हा डबा माहीत नव्हता.

गुणगुणतेही. ट्यूबलाइटखाली नेली की लगेच वाढतं, बाबा म्हणाले हे पहिल्या दिवसापासूनचं आहे, मांडवात नेहमी ट्यूबलाइटकडे पाठ करून उभं राहायचो.

रक्कम ठरली. मी ३५ म्हणालो तर बाबा म्हणाले ४० धर, पेंट आपण मारलाय, पॉट आपण बदललेत, त्याची वजावट तिने का सोसायची? हा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि आता दुसरं काही बरोबर वाटत नाही. ताईला फोन केला तर आधी नाहीच म्हणाली, मग प्लेटवरचा नंबर सांगितला, मार्च ७५ आणि तिच्या आईच्या हजार रुपयांचा हिशोब सांगितला, तेव्हा खूप वेळ गप्प होती. म्हणाली पैशाचं नंतर बघू, आधी गिटार घेऊन या, मला ती वाजताना ऐकून तीस वर्षं झाली.

तर येत्या रविवारी पुण्याला चाललोय, या वेळी टपावर नाही, मांडीवर घेऊन. त्याआधी एकच मदत, वरच्या हाडाच्या पट्टीची, ज्यातून तारा जातात, एक खाच फार खोल गेलीये आणि बारीक तार फ्रेटला (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) लागून झिणझिणते. पुण्यात पट्टी मूळचीच ठेवून तेवढी खाच भरून देणारं कुणी माहितीचं आहे का? शनिवारी दुपारपर्यंत कळलं तर त्याच फेरीत काम होईल.