पेढ्यांचा पुडा नको, फळं न्या

'सणाच्या जेवणाला जाताना पेढे न्यावेत, ते कुठेही चालतात' असं काही जण सांगतात, पण बेने इस्रायली (महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरापुरतं तरी ते मत पटत नाही. सणाला बहुधा मटण असतं आणि मांसाबरोबर दुधाचं काही त्यांना चालत नाही. म्हणून तर रश्शात नारळाचं दूध, आणि रोश हशानाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा, गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्याच दुधातला (तो मुद्दाम मागून घेऊन खावा असा असतो). वल्हांडणाला, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, तर केक, बिस्किटं, पाव काहीच नको. त्या दिवसांत घरात खमीर ठेवत नाहीत. सरळ फळं किंवा फुलं न्यावीत.

आणि वल्हांडणाच्या रात्री भुकेने व्याकूळ होऊन जाऊ नका. आमच्या ठाण्यातल्या शेजाऱ्यांकडे आधी हग्गादाचं (त्या रात्री वाचायच्या पोथीचं) वाचन होतं, मग जेवण. वाचनाच्या सुरुवातीलाच 'जो भुकेला असेल त्याने यावं, जेवावं' असं आमंत्रण येतं, ताट मात्र बऱ्याच उशिरा! मधे काळ्या मनुकांचं सरबत मिळतं, तेवढाच आधार. कंटाळा मात्र येत नाही. मराठी अनुवादासह हग्गादा पुण्यात १८७४ सालीच छापली गेली होती, त्यामुळे मराठी प्रत हाती आली की पाहुण्यालाही इजिप्तमधून सुटकेची ती गोष्ट ओळीओळीने कळत जाते.