दहा ताटांचं टेबल स्वतः, कमी खर्चात केलंय का कुणी?

दिवाळीला आमच्याकडे दहा माणसं आणि टेबल चौघांचं. तयार टेबलाचा भाव ऐकून दुकानातून तशीच परत आले आणि स्वतःच घाट घातला. माझं आधी सांगते, मग तुमचे अनुभव येऊ द्या. फसलेले आधी!

पुण्याच्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्याचा सागवानी दरवाजा मिळाला, पावणेसात फूट बाय तीन. माणशी दोन फूट धरले तर आठच बसतात. खुर्च्यांऐवजी दोन्ही बाजूंना बाक केले, खर्चही वाचला आणि दाटीवाटीने दहा मावतात. पाय फॅब्रिकेटरकडून, वीसेक किलो लोखंड लागलं. ‘उंची 30 इंच’ असं मी सांगितलं, त्याने पाय 30 इंचांचे केले. वर दरवाजा दीड इंच जाड. पोरांच्या हनुवट्या ताटात! पाय परत नेऊन कापून आणले. दरवाजाच्या खोलगट फळ्यांत पहिल्याच दिवशी वरण साचलं, म्हणून वर 8 एमएमची टफन्ड काच टाकली. ती दरवाजापेक्षा महाग पडली. शिवाय दरवाजा एका टोकाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच, तिरका निघाला, आणि टफन्ड काच मागाहून कापता येत नाही. त्या कोपऱ्यात सासूबाईंना बसवत नाही, एवढंच.

नाशिकहून
आम्ही नवा फ्लश डोअर घेतला. सपाट, स्वस्त, वरून सनमायका. फक्त वरूनच लावला, ही चूक. पावसाळ्यानंतर टेबल होडीसारखं वाकलं. खालच्या बाजूलाही लॅमिनेट लावा, हलकं चालेल.

राजापूरहून
परड्यातला फणस वादळात पडला होता. फळ्या कापून वर्षभर पडवीत रचून ठेवल्या, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा. मला घाई होती, पण सुतारकाका ऐकेनात. टेबलाचा माथा चौकटीवर बसवताना त्यांनी स्क्रूची भोकं लांबट पाडली. म्हटलं, काका, हे सैल राहील. म्हणाले, “आषाढात लाकूड फुगतला, त्येका जागा नको?” खरंच, पावसात आणि मे महिन्यात रुंदीत दोन सूतांचा फरक पडतो. एकही फळी तडकली नाही. माझी अक्कल एवढीच की वर लाखेचं पॉलिश करायला लावलं. आमटीचं गरम पातेलं ठेवलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. आता ते गणपतीतल्या पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण झालंय.

सोलापूरहून
कडप्पा! ओट्याचा उरलेला होता, फुकट. सात बाय तीन, इंचभर जाड. दुसरा मजला, लिफ्टमध्ये मावेना. वजन सव्वाशे किलोच्या पुढे, जिन्याने चढवायला सहा जणांना बोलावलं. त्यांच्या मटणाच्या जेवणात टेबलाचे पैसे वसूल झाले म्हणायचे. आता घर बदलायचं नाव काढत नाही.

न्यू जर्सीहून
इथं ‘टू बाय सिक्स’ म्हणून फळी मिळते. सहा आणल्या, म्हणजे 36 इंच रुंदी, असा सरळ हिशेब. जोडल्यावर 33 भरली! रंधून तयार झालेली फळी साडेपाच इंचच असते, हे दुकानात कुणीही सांगितलं असतं. विचारलं नाही. समोरासमोर दोन ताटं ठेवली की मधे कोशिंबिरीची वाटी राहते, पोळ्यांचा डबा नाही. डबा मांडीवर.

चाकणहून
कारखान्यातले पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, वापरणाऱ्यांनी शिक्का बघावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड. ‘एमबी’ असेल तर विषारी धुरी दिलेली असते, जेवणाच्या टेबलाला नको. माझ्या चार रविवारांतले तीन नुसते खिळे उपटण्यात गेले.

पुन्हा पुण्याहून
सोलापूरकर, ते मटण टेबलावर जेवलात की खाली?

सोलापूरहून
खाली. ऊठबस करायला कुणात त्राण नव्हतं.